हिरव्या किड्याची चतुःसीमा

श्रावणात एका सकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या काकूंनी पाठवलेला फोटो आला. गॅलरीतल्या कढीलिंबाचं एक पान, पानाच्या पाठीवर उभे राहिलेले दहा-बारा पांढरे केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला खसखशीएवढा हिरवट मणी. खाली एक ओळ : "ही बुरशी का रे? चिंधीनं पुसून काढू?"

मी लिहीत बसलो नाही, फोनच लावला. काकूंची चिंधी फार तत्पर असते.

बुरशी नव्हती, एका हिरव्या किड्याची अंडी होती. बडोद्याजवळच्या पादरा गावाहून भाजी घेऊन येणारे एक काका या किड्याला गुजरातीत 'लीली पोपटी' म्हणतात. महाराष्ट्रातले कापूसवाले शेतकरी त्याला 'क्रायसोपा' म्हणतात. कृषी खात्याच्या पत्रकात त्याचा 'जाळीदार पंखांचा हिरवा मित्रकीटक' होतो, पण एवढं लांब नाव शेतात कोण घेणार! मादी पोटाचं टोक पानाला टेकवते, चिकट रसाचा एक थेंब सोडते आणि पोट वर उचलते. थेंबाचा धागा ताणला जातो, बघता बघता कडक होतो आणि मग त्याच्या टोकावर ती अंडं ठेवते. एवढा खटाटोप मुंग्यांपासून वाचण्यासाठी, आणि भावंडांपासूनही. यांची अळी इतकी खादाड की आधी बाहेर आलेली शेजारच्या अंड्यालाच तोंड लावायची. प्रत्येक अंडं वेगळ्या खांबावर असलं की भाऊबंदकी निदान लांबणीवर पडते.

काकूंना मी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिथेच त्यांचं मत पालटलं. आपल्याकडे कुणी फार दिवसांनी उगवलं की आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. उंबराची फुलं फळाच्या आतच दडलेली, दिसतात कुणाला? हेच उंबर बौद्ध ग्रंथांतून चीन, कोरिया, जपानपर्यंत गेलं. तिथे हजारो वर्षांत एकदा फुलणारं दिव्य फूल म्हणून त्याची ख्याती झाली. आता गंमत पाहा. बुद्धमूर्तीवर किंवा देवळाच्या खिडकीवर असे पांढरे केस उगवले की तिकडे 'उदुंबर फुललं' म्हणून बातमी होते. जपानी भाषेत तर या अंड्यांना 'उदोंगे' हाच शब्द आहे. म्हणजे आमच्या काकूंच्या कढीलिंबाला अक्षरशः उंबराचं फूल आलं होतं! चिंधी खाली गेली. फोटो घरच्या ग्रुपवर गेला.

पुढच्या आठवड्यात अळ्या दिसल्या. कढीलिंबाच्या कोवळ्या शेंड्यावर मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, होताच. अळीच्या तोंडाला कोयत्यासारखे दोन वाकडे सुळे असतात आणि ते आतून पोकळ असतात. मावा धरायचा, सुळे खुपसायचे, रस ओढायचा आणि टरफल टाकून द्यायचं. काही जातींच्या अळ्या ही टरफलं आणि कचरा पाठीवर लादून हिंडतात, म्हणजे मुंग्यांना त्या कचऱ्याचा चालता ढीग वाटतात. आणखी एक गोष्ट जेवताना सांगू नये, पण सांगतो : अळीपणी यांच्या पोटाचा मागचा मार्ग बंदच असतो. सगळं साठवून ठेवतात आणि पंख फुटल्यावर एकदाच मोकळे होतात.

तीन-साडेतीन आठवड्यांनी रात्री ट्यूबलाइटखाली भिंतीवर एक पंखवाला बसलेला काकूंना दिसला. एवढासा, पोपटी, पंख घराच्या छपरासारखे मिटलेले, पारदर्शक, आत बारीक हिरवी जाळी. डोळे सोनेरी. काकूंनी फोटो काढला, पाठवला आणि विचारलं, "ही नवीन जात असली तर माझं नाव देता येईल का रे?"

त्यांनी थट्टेत विचारलं. मला मात्र वाटलं, या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं. 'वैज्ञानिकांना कीटकाची नवी जात सापडली' अशी बातमी आपण चहाबरोबर वाचतो आणि डोळ्यांसमोर येतो तो जंगलात जाळी घेऊन धावणारा, मग एकदम 'सापडली!' ओरडणारा माणूस. तसं जवळजवळ कधीच होत नाही. किडा पकडणं हा त्यातला सोपा भाग. खरं काम पुढे असतं, बसून करायचं, आणि त्यातलं निम्मं काम 'हा तो नव्हे' हे ठरवण्याचं असतं.

आधी 'नवीन' हा शब्दच बघू. किड्याच्या दृष्टीनं काहीच नवीन नसतं, तो आपला लाखो वर्षं मावा खातोय. नवीन असते ती आपल्या वहीतली नोंद. आणि वही मोठी आहे. जाळीदार पंखांच्या कीटकांचा जो गण आहे, न्युरोप्टेरा, त्यात आजवर ६,००० च्या आसपास जातींची नोंद झाली आहे. मऊ मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी मुंगीची वाट बघत बसणारा किडा लहानपणी काडीनं उकरून काढला असेल, तोही याच गणातला. काकूंच्या भिंतीवरच्या हिरव्यांचं घराणं क्रायसोपिडी. एकट्या या घराण्यात १,२०० हून अधिक जाती आहेत, आणि बहुतेक सगळ्या हिरव्या, जाळीदार, सोनेरी डोळ्यांच्या. आता यातली नवी कोणती, हे सांगणाऱ्याला आधी या सगळ्या जुन्या ठाऊक हव्यात. जगात असे लोक फार थोडे आहेत.

म्हणूनच मलेशियाची हकीकत मला इतकी आवडते. २०११ च्या मे महिन्यात सेलांगोरच्या राखीव जंगलात गुएक हॉक पिंग या छायाचित्रकारानं एका हिरव्या किड्याचे फोटो काढले. पंखांच्या मुळाशी काळ्या रेषांचं जाळं आणि त्यात निळसर ठिपके. फोटो काढून झाले, किडा उडून गेला. त्यानं ते फोटो फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर टाकले. तिकडे कॅलिफोर्नियात शॉन विंटरटन हा कीटकतज्ज्ञ सहज चाळत बसला होता. ती काळी नक्षी पाहून तो थबकला, कारण त्यानं तशी पाहिलीच नव्हती. ओळखीच्या तज्ज्ञांना दाखवली, त्यांनीही पाहिली नव्हती. त्यानं छायाचित्रकाराला विचारलं, नमुना आहे का? नव्हता.

इथे आपल्याला वाटेल, फोटो एवढा स्वच्छ आहे तर टाका की नाव देऊन. विंटरटननं टाकलं नाही. बऱ्याच महिन्यांनी छायाचित्रकार त्याच जागी पुन्हा गेला, तसाच किडा त्याला मिळाला, डबीत घालून त्यानं तो टेबलावर ठेवला आणि पुढे काय करायचं ते विचारलं. किडा लंडनला गेला, नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या स्टीव्ह ब्रूक्सकडे. ब्रूक्सनं तो तपासला आणि मग संग्रहालयाचे खण धुंडाळले. तिथे त्याला तसाच आणखी एक किडा मिळाला! काही दशकांपूर्वी मलेशियाच्याच सबाह भागातून आलेला, टाचणीला लावलेला, खणात बसून राहिलेला. २०१२ मध्ये तिघांनी मिळून वर्णन छापलं आणि जातीचं नाव ठेवलं सेमाक्रायसा जेड. वाचणाऱ्याला वाटतं, हिरव्या जेड खड्यावरून ठेवलं असेल. ते आहे विंटरटनच्या मुलीच्या नावावरून.

छायाचित्रकारानं बघितलं, पण ओळखलं नाही. लंडनच्या खणात किडा होता, पण त्याच्याकडे कुणी त्या नजरेनं बघितलं नव्हतं. 'शोध' नक्की कुणी आणि कधी लावला, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. मला विचाराल तर शोध लागला तो फोटो, डबी आणि खण या तीन गोष्टी एका टेबलावर आल्या तेव्हा.

टेबलावर काय करतात, ते आता काकूंच्याच किड्यावर बघू.

पंखापासून सुरुवात. पंखातली ती जाळी म्हणजे शिरा. कुठल्याही किड्याच्या पंखात या शिरा मन मानेल तशा नसतात, त्यांचा आराखडा ठरलेला असतो. कोस्टा, सबकोस्टा, रेडियस, मीडिया, क्युबिटस, ॲनल ही त्यांची नावं. १८९८ मध्ये कॉम्स्टॉक आणि नीडम या दोघांनी सगळ्या कीटकांसाठी शिरांच्या नावांची एकच पद्धत बसवली, म्हणून आज बडोद्याच्या माणसानं 'क्युबिटस' म्हटलं की ब्राझीलमधल्या माणसाला नेमकी कोणती शीर ते कळतं. क्रायसोपिडीत थोडी लबाडी आहे. यांच्या पंखात दोन-तीन शिरा एकमेकींचे तुकडे उसने घेऊन एक सलग रेघ दिसेल अशा जुळतात, आणि नवशिक्या तिलाच मीडिया समजून मोजायला लागतो. म्हणून तिचं नावच 'खोटी मीडिया' आहे. पंखाच्या टोकाकडे आडव्या शिरांच्या पायऱ्या पायऱ्यांच्या दोन ओळी दिसतात. आतल्या ओळीत किती, बाहेरच्या ओळीत किती, हे मोजायचं. पंखात शिरांनी वेढलेली एक छोटी खोली असते, ती त्रिकोणी की चौकोनी, बुटकी की लांबट, हे बघायचं. शिरा सगळ्या हिरव्या, की काहींची टोकं काळी? एवढ्यावरून जात नाही ठरत, पण आडनाव ठरतं.

मग चेहरा. भिंगाखाली या किड्याचा चेहरा बघितला की पोपटीवर काळ्या-तांबूस खुणा दिसतात : गालावर पट्टा, ओठाच्या वर ठिपका, कधी दोन शृंगिकांच्या, म्हणजे डोक्यावरच्या मिशांच्या, मध्ये एक. काकूंच्या फोटोत गालावर काहीतरी गडद होतं, पट्टा की सावली ते कळेना. पायांच्या नख्याही बघायच्या, नखीच्या मुळाशी फुगीर भाग आहे का नाही ते.

एवढं सगळं जुळूनही दोन जाती एकमेकींच्या जुळ्या बहिणी निघू शकतात. तेव्हा शेवटचा न्यायाधीश म्हणजे नराची जननेंद्रियं. सभ्य लेखात याला बगल देतात, पण कीटकशास्त्राचा अर्धा कारभार यावर चालतो. पोटाचा शेवटचा भाग कापून कॉस्टिक पोटॅशच्या पातळ द्रावणात ठेवायचा, किंचित ऊब द्यायची. मांस विरघळून जातं आणि कडक कवचाचे भाग उरतात, कमानी, हुक, काटे. किड्याचं रूप हवामानानं, अन्नानं थोडंफार बदलतं. ही हत्यारं सहसा बदलत नाहीत. त्यांचं चित्र काढायचं, मग ते तुकडे ग्लिसरीनच्या इवल्याशा नळीत घालून किड्याच्याच टाचणीला खाली अडकवायचे. हातचा किडा आणि त्याची शेपटी कधी वेगळी होता कामा नये.

यात हात किती नाजूक लागतो ते मला पहिल्या वर्षीच कळलं. कॉलेजात असताना कमाटीबागेतल्या दिव्याखाली मिळालेला एक हिरवा किडा मी प्लास्टिकच्या डबीत ठेवला, 'उद्या बघू' म्हणून. सकाळी डबीत चार पंख होते आणि मुंग्यांची रांग. दुसरा नीट टाचणीला लावला, डांबराच्या गोळ्यांसकट पेटीत ठेवला. दिवाळीनंतर पेटी उघडली तर पोपटी किडा सुकल्या गवतासारखा पिवळा झालेला. या घराण्याचा हिरवा रंग मेल्यावर टिकत नाही. जुन्या खणातले नमुने फिक्कट होऊन बसलेले असतात, आणि रंग उडालेला किडा गर्दीत आणखीच हरवतो. म्हणून मलेशियातला तो जिवंतपणीचा फोटो इतका मोलाचा.

आता समजा, सगळं ताडून झालं आणि किडा खरंच कुणाशी जुळला नाही. तर लिहायचं. हे लिखाण वाचलंत तर झोप येईल, कारण ते पंचनाम्याच्या भाषेत असतं. क्रियापदाला सुट्टी. साधारण असं : 'डोकं पिवळसर हिरवं, गालावर गडद पट्टा, शृंगिका फिकट, पुढच्या पंखाहून आखूड, पाठीच्या मधोमध पिवळी रेघ, पुढचा पंख पारदर्शक, टोक किंचित निमुळतं...' पानंच्या पानं. सौंदर्याचा एक शब्द नाही. पण ज्यानं तुम्हाला कधी पाहिलं नाही, तुमची भाषा ज्याला येत नाही, अशा माणसानं पन्नास वर्षांनी ते वाचून समोरचा किडा तोच की नाही हे सांगायचं असतं. 'सुंदर', 'मोहक' असल्या शब्दांचा त्याला काय उपयोग?

या वर्णनाच्या शेजारी एक लहानसा भाग असतो, आणि माझ्या मते सगळं वजन त्याचंच. घराचा दस्तऐवज आठवा. खोल्या किती, ओटा किती हे तर त्यात असतंच, पण घर नक्की कोणतं ते ठरतं चतुःसीमेनं : पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस सरकारी रस्ता. जातीचंही तेच. ही जात या तीन जातींना जवळची आहे. पहिलीपेक्षा वेगळी, कारण पंखाच्या मुळाशी जाळं काळं. दुसरीपेक्षा वेगळी, कारण गालावर ठिपका नाही. तिसरीपेक्षा वेगळी, कारण नराची कमान रुंद. ही चतुःसीमा नीट आखता आली नाही, तर तुमची नवी जात उद्या कुणीतरी जुन्या जातीत ढकलून मोकळा होतो. तसं झालेल्यांची संख्या कमी नाही.

आणि दस्ताला खुंटा लागतो. जातीच्या सगळ्या किड्यांतून एकच किडा निवडायचा, त्याला होलोटाइप म्हणायचं, बहुधा लाल चिठ्ठी लावायची आणि संशोधकांना तपासता येईल अशा कायमच्या संग्रहात ठेवायचा. तो सर्वांत देखणा असायला हवा असं नाही, एक पाय तुटका असला तरी चालतो. पुढे भांडण झालंच, तर जातीचं नाव या एका किड्याला बांधलेलं असतं. वर्णनात चूक निघाली तरी नाव किड्याबरोबर राहतं. आपल्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा बघायला शाळेच्या सहली येतात. होलोटाइपला कुणी बघायला येत नाही. तो अंधाऱ्या खणात पडून असतो, पण त्या खणाची किंमत देवमाशाहून कमी नाही.

भारतात या बाबतीत कायदाही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार कुणालाही नवी जात सापडली, तर सरकारनं नेमलेल्या संग्रहालयाला किंवा संस्थेला तसं कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. १९१६ मध्ये कोलकात्यात सुरू झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था ही अशांपैकी मुख्य. घरच्या शोकेसमध्ये होलोटाइप मिरवायची सोय नाही.

नावाकडे येतो, कारण काकूंचा जीव तिथेच अडकला होता. प्राण्यांच्या नावांचा हिशेब १७५८ पासून धरतात. जीवांना दुहेरी नावं देण्याची पद्धत बसवणाऱ्या लिनीअसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती त्या वर्षीची, तिच्या आधीची नावं मोजायचीच नाहीत. त्यानंतर मात्र नियम कडक : एकाच जातीला दोन नावं पडली तर आधी छापलेलं जिंकतं. आमच्या शहराला हा नियम लावला तर काय होईल, याचा मी कधी कधी विचार करतो. वटपद्र, बडोदा, इंग्रजांचं बरोडा, १९७४ पासून सरकारी दफ्तरी वडोदरा. कीटकशास्त्रात १९७४ चं फर्मान चाललं नसतं, जुनं नाव शोधून काढावं लागलं असतं. (आम्ही घरी मराठीत बडोदाच म्हणतो, ते कुठल्या नियमात बसतं विचारू नका.)

गावावरून नाव द्यायचं तर शेवटी 'एन्सिस' लावतात. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या किड्याला 'वडोदरेन्सिस' म्हणता येईल. माणसाच्या नावाला पुरुष की स्त्री त्यानुसार लॅटिन प्रत्यय लागतो. स्वतःचंच नाव द्यायला स्पष्ट बंदी नाही, पण तसं करणाऱ्याला भाऊबंद हसतात. मात्र ज्यानं किडा पकडून दिला, त्याचं नाव देण्याची पद्धत आहे. म्हणजे काकूंना वाव होता.

पण तेवढ्यानं भागत नाही. क्रायसोपाच्याच बाबतीत विद्वानांची जी फजिती झाली, ती ऐकली की 'हा तो नव्हे' म्हणणं किती अवघड आहे ते कळतं.

१८३६ मध्ये स्टीफन्स या इंग्रज कीटकतज्ज्ञानं एका हिरव्या किड्याला नाव दिलं, ते आज क्रायसोपर्ला कार्निया म्हणून ओळखलं जातं. पुढे युरोपात, आशियात, अमेरिकेत, जिकडे तिकडे तसाच किडा दिसला आणि सगळ्यांनी त्याला कार्नियाच म्हटलं. एक जात, अर्धं जग व्यापलेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या चार्ल्स हेन्री यांनी या किड्यांचं गाणं ऐकायला सुरुवात केली. आपल्या कानाला ते ऐकू येत नाही. नर आणि मादी पानावर बसून पोट थरथरवतात आणि ती थरथर पानातून, देठातून एकमेकांच्या पायांपर्यंत पोचते. त्यांची जुगलबंदी जमली तरच मीलन. ताल चुकला की स्थळ नामंजूर! हेन्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ताल नोंदवले तेव्हा दिसलं की दिसायला एकसारख्या 'कार्निया'त वेगवेगळ्या तालांचे अनेक गट आहेत आणि ते आपल्याच तालाला ओ देतात. एक जात म्हणून खतावलेली प्रत्यक्षात जातींचा पुंजका निघाली. पंखाच्या शिरा मोजून हे कधीच उमगलं नसतं.

मग नवा पेच पडला. एवढ्या जाती, तर कार्निया हे नाव यांतल्या नक्की कुणाचं? स्टीफन्सचा किडा तर केव्हाच मेलेला, तो काय गाणार? इथे तो खुंटा कामाला आला. लंडनच्या संग्रहात स्टीफन्सचा नमुना शाबूत होता. जवळपास १८० वर्षांनी त्यातून डीएनए काढला, गाणाऱ्या जिवंत गटांच्या डीएनएशी ताडला आणि नाव कुणाचं ते ठरवलं. मेलेल्या किड्यानं साक्ष दिली, ती कुणीतरी पावणेदोनशे वर्षं त्याला मुंग्यांपासून जपलं म्हणून.

आपला भारतीय किडाही यात सापडला. आपल्या कापसावर, मोहरीवर, भाज्यांवर जो क्रायसोपा दिसतो, त्याला आपण वर्षानुवर्षं कार्निया म्हणत आलो. प्रयोगशाळांमध्ये तांदळातल्या पाखराची, कॉर्सायराची, अंडी खायला घालून त्याची पैदास करतात आणि शेतात सोडतात, मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर. २०१० मध्ये हेन्री, ब्रूक्स (तेच, मलेशियाच्या किड्याचे) आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यासह इतरांनी मिळून दाखवलं की गाण्यावरून आणि रूपावरून हा कार्निया नव्हेच. त्याचं नाव क्रायसोपर्ला झास्त्रोवी सिलेमी. मूळ झास्त्रोवीचं वर्णन झालं होतं ते दक्षिण आफ्रिकेतल्या किड्यावरून. म्हणजे आपल्या पादऱ्याच्या लीली पोपटीचे सख्खे सोयरे दक्षिण आफ्रिकेत आहेत.

शेतकऱ्याला याचं काय, असं कुणी म्हणेल. त्याला काय तो मावा कमी झाला म्हणजे झालं. पण युरोपातल्या कार्नियावर केलेल्या प्रयोगांचे आकडे, किती थंडीत तो झोपी जातो, किती उन्हात अंडी घालतो, कुठल्या औषधानं मरतो, हे आपण आपल्या किड्याला चिकटवत होतो. नाव चुकलं की शेजाऱ्याचं औषध आपण पितो.

डीएनएचं कौतुक सांगितलं, तर एक वैतागही सांगतो. आता सगळे म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, मशीनमध्ये पाय टाका, बारकोड काढा. २००३ मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी ही कल्पना मांडली आणि ती चांगली आहे : प्राण्यांच्या पेशीतल्या एका ठरावीक जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि यादीशी ताडायचा. पण यादीत जे नाव आहे, ते कुणीतरी शिरा मोजून, खण धुंडाळूनच तिथे लिहिलेलं असतं. ते चुकीचं असेल तर मशीन चूकच बिनचूक सांगेल. आणि कार्नियाच्या पुंजक्यात तर जाती इतक्या अलीकडे वेगळ्या झाल्या आहेत की हा एकटा तुकडा त्यांना नीट वेगळं पाडू शकत नाही. तिथे अजून पानाला कान लावावा लागतो.

हे सगळं मी काकूंना एका रविवारी त्यांच्याकडे साबुदाण्याची खिचडी खाता खाता सांगितलं, इतकं सलग नाही, मध्ये दोनदा दूधवाला आणि एकदा गॅसवाला येऊन गेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझा कोणता ते तुला सांगता येत नाही, असंच ना?"

"फोटोवरून नाही येत, काकू. बहुधा सिलेमीच. पण गाल दिसत नाही, शिरा धूसर आहेत आणि आकार किती ते कळत नाही. मापासाठी शेजारी काहीतरी ठेवा. आणि पकडू नका, राहू दे त्याला, पुढच्या अळ्या मावा खातील."

"नाणं ठेवू?"

"ठेवा."

परवा रात्री साडेदहाला नवा फोटो आला. ट्यूबलाइटखालची तीच भिंत, त्यावर काकूंचं बोट आणि बोटानं दाबून धरलेला एक रुपया. रुपयाच्या कडेपलीकडे एक हिरवट, अस्पष्ट फराटा, उडताना टिपलेला. नाणं मात्र इतकं स्वच्छ आलंय की वर्षही वाचता येतं.